बाल्डर्स गेट 3 मध्ये क्लास निवडताना: माझा अनुभव

‘सगळ्यात भारी क्लास कोणता’ हे सांगणारे याद्यांचे व्हिडिओ मी आता उघडतसुद्धा नाही. (क्लास म्हणजे गेममधल्या आपल्या पात्राचा पेशा: लढवय्या, जादूगार वगैरे.) बाल्डर्स गेट 3 नव्याने घेणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच आहे. मी ऐन सुट्टीच्या दिवशी गेम सुरू केला आणि पहाटेपर्यंत क्लास निवडायच्या पडद्यावरच बसून होते, ते या याद्यांपायी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

वंश, चेहरा, केस, आवाज हे सगळं पटापट झालं. मग समोर आले ते बारा क्लास: बार्बेरियन, बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, फायटर, मंक, पॅलाडिन, रेंजर, रोग, सॉर्सरर, वॉरलॉक, विझर्ड. मला जादू हवी होती, त्यामुळे निम्मी नावं लगेच गळाली. ड्रुइडला अस्वल, लांडगा होता येतं, ते छानच आहे, पण मला माझ्या पात्राचा चेहरा दिसायला हवा होता. उरले विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक. इथे मी जी अडकले ती अडकलेच.

विझर्डला गुंडाळीवरून नवे मंत्र स्वतःच्या पोथीत उतरवता येतात, फक्त त्याला सोन्याची नाणी लागतात. म्हणजे हळूहळू भलामोठा साठा होतो. सॉर्सररला मंत्र थोडेच येतात, पण लेव्हल 2 पासून मेटामॅजिक मिळतं आणि एकच मंत्र दोघांवर टाकणं वगैरे जमायला लागतं. वॉरलॉकचे मंत्र सुरुवातीला एकदोनदाच वापरता येतात, मात्र छोट्या विश्रांतीनंतर ते परत भरतात, आणि एल्ड्रिच ब्लास्ट हा हल्ल्याचा मंत्र हवा तितक्या वेळा मारता येतो. हे सगळं मला कळत होतं. कळत नव्हतं ते इतकंच, की यातलं माझ्या उपयोगाचं काय.

म्हणून व्हिडिओ लावले. एकात विझर्ड सगळ्यात वर, दुसऱ्यात सॉर्सरर, तिसऱ्यात म्हणे पॅलाडिनशिवाय खेळूच नका. प्रत्येक जण एका फटक्यात किती नुकसान होतं याचा हिशोब मांडत होता, आणि तोही लेव्हल 12 चा. लेव्हल 12 म्हणजे या गेममधली शेवटची पायरी! मी अजून गेम जिथे सुरू होतो त्या जहाजातून बाहेरही पडले नव्हते. लेव्हल 1 च्या विझर्डला 6 अधिक कॉन्स्टिट्यूशनचं (म्हणजे काटकपणाचं) जे काही असेल तेवढाच जीव असतो, दोन बाण लागले की आडवा, हे त्यातल्या एकानेही सांगितलं नाही. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पॅच 8 हा गेममधला बदल आला आणि प्रत्येक क्लासला एकेक नवा सबक्लास, म्हणजे क्लासमधली शाखा, मिळाली. त्याआधीच्या याद्या तरीही तशाच फिरतायत. एका मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘जे आवडेल ते घे गं.’ अगं, कोणता आवडतो हे खेळल्याशिवाय कळणार कसं?

शेवटी मावसभावाला फोन केला. त्याने गेम पूर्ण केलेला आहे. मी विझर्ड की सॉर्सरर असं सुरू करताच त्याने मध्येच थांबवलं. ‘ताई, लढायला तुझ्यासोबत अजून तिघं असणार आहेत. बोलणार कोण?’

या एका प्रश्नावर सगळं सुटलं. गेममधल्या सोबत्यांपैकी शॅडोहार्ट पहिल्या काही तासांतच भेटते, ती क्लेरिक. गेल विझर्ड, अ‍ॅस्टेरियन रोग, लेझेल फायटर, विल वॉरलॉक, कार्लाक बार्बेरियन. एका वेळी आपण धरून चौघांना घेऊन फिरता येतं. म्हणजे मंत्रांची पोथी गेलकडे आहेच, कुलूप उघडायला अ‍ॅस्टेरियन आहे, पुढे उभं राहून मार खायला लेझेल आहे. पण वाटेत अचानक कुणी अडवलं, धमकावलं, सौदा करायला बसलं, तर बहुतेक वेळा तोंड उघडावं लागतं ते आपल्याच पात्राला. तिथे उपयोगी पडते ती करिश्मा, म्हणजे बोलून छाप पाडायची क्षमता. करिश्मावर चालणारे क्लास चारच आहेत: बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर, वॉरलॉक. विझर्डची मुख्य क्षमता इंटेलिजन्स. क्षमतांच्या पानावर मुख्य क्षमतेपुढे चांदणीची खूण असते, ती आधी बघा. व्हिडिओ नंतर बघा, किंवा बघूच नका.

मी बार्ड घेतली. आपल्याकडचा शाहीर असतो तशी: वाद्य हातात, शब्द जिभेवर, आणि वेळ आली तर तलवारही. तिच्या व्हिशस मॉकरी या मंत्राने शत्रूला नुसतं टोचून बोलायचं, त्याला थोडी इजा होते आणि त्याचा पुढचा वार कच्चा पडतो. पहिल्यांदा एका गॉब्लिनवर तो चालला तेव्हा मी खुर्चीतून उठले होते.

आकडे कसे भरायचे तेही सांगते, कारण अधिक-उण्याच्या बटणांशी खेळण्यातही वेळ जातो. एकूण 27 गुण मिळतात. प्रत्येक क्षमता 8 पासून सुरू होते, 15 च्या वर नेता येत नाही, आणि 14 व 15 या पायऱ्यांना दोन-दोन गुण पडतात. वरून एकीला 2 आणि दुसरीला 1 जोडायचे. मी करिश्मा 15 अधिक 2, डेक्स्टेरिटी 15 अधिक 1, कॉन्स्टिट्यूशन 14, विस्डम 10 आणि उरलेल्या दोन्ही 8 ठेवल्या. फायदा वाढतो तो सम आकड्यावर. त्यामुळे लेव्हल 4 ला अ‍ॅक्टर हे फीट (जादा कसब) घ्यायचं. त्याने करिश्मा 17 चं 18 होतं आणि थापा मारणंही पक्कं होतं. स्ट्रेंग्थ 8 असली की ओझं कमी उचलता येतं, तेव्हा जड सामान लेझेलकडे द्या.

लेझेलला पिंजऱ्यातून सोडवायची वेळ येते तिथे खाली दोन टीफलिंग (शिंगं असलेल्या वंशाचे) उभे असतात. मी त्यांना बोलण्यात गुंडाळून वाटेला लावलं. अशा बोलण्याचा निकाल फाशावर लागतो: वीस बाजूंचा फासा घरंगळला, त्याच्याखाली माझ्या करिश्माची बेरीज चढली आणि पडदा सोनेरी झाला. एकही बाण सुटला नाही. क्लास बरोबर निवडल्याचा इतका आनंद मला कुठल्याही लढाईत झाला नाही. (क्लेरिककडे गाइडन्स हा मंत्र असेल तर अशा फाशात आणखी 1 ते 4 मिळतात, ते विसरू नका.)

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: क्लास कायमचा नसतो. किनाऱ्याजवळच्या अवशेषांखालच्या तळघरात विदर्स नावाचा एक सांगाडा निजलेला आहे. त्याला उठवलं की तो आपल्या तळावर (मुक्कामाच्या जागी) येतो, आणि तळघर चुकलं तरी पुढे तळावर भेटतोच. त्याला 100 सोन्याची नाणी दिली की क्लास आणि क्षमता नव्याने निवडता येतात, कितीही वेळा. वंश मात्र बदलत नाही, तेव्हा जीव घालवायचाच असेल तर तिथे घालवा. सोबत्यांचे क्लाससुद्धा तो बदलून देतो. नाणी नसतील तर बार्डने वस्तीत उभं राहून वाद्य वाजवावं, लोक जमतात आणि नाणी टाकतात.

पॅलाडिन घेणार असाल तर शपथ नीट वाचून घ्या. तिच्याविरुद्ध वागलात तर ती मोडते, आणि परत घ्यायला 1000 नाणी लागतात. क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन यांना सबक्लास पहिल्याच पडद्यावर निवडावा लागतो. बार्डला लेव्हल 3 पर्यंत वेळ असतो. मी तिथे लोअर हा सबक्लास घेतला, कारण त्यात तीन जादा कौशल्यं मिळतात आणि कटिंग वर्ड्सने शत्रूचा फासा खाली खेचता येतो. तलवारीची हौस असेल तर बार्डचेच स्वोर्ड्स किंवा व्हॅलर हे सबक्लास बघा, त्यांना लेव्हल 6 ला दुसरा वार मिळतो.