चारही चाकं फिरतात म्हणे!

आधी पैशांचं सांगतो, म्हणजे डोकं शांत होईल. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे शेतातल्या एका वाटेवर आमची फोर-बाय-फोर गाडी अडकली आणि ती काढायला ट्रॅक्टरवाल्या काकांनी ३,५०० रुपये मागितले. ओढायचं अंतर जेमतेम चाळीस पावलं. घासाघीस करून २,५०० वर आले. ते दिलेही. पण गंमत म्हणजे गाडीला दोर बांधावाच लागला नाही. ते पुढे येईलच.

ठाण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. रांजणोली नाका, दुर्गाडी, शहाड, मुरबाड. सातनंतर निघणार असाल तर दुर्गाडी आणि शहाडच्या पुलांवरच दमाल, बाकी रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आणि येऊर घरापाशी असताना एवढ्या लांब का, असं विचारू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे चिखल तुडवायचा नसतो. आम्ही मेव्हण्याच्या ओळखीने एका खासगी शेतावर गेलो होतो. तुम्हीही मालकाला विचारूनच जा.

जुलैचा पाऊस, त्यात भाताच्या खाचरांमधून ओढ्याकडे उतरणारी वाट. उतरलो मजेत. पलीकडच्या चढावर ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या गुडघाभर खोल, आणि खड्डे समोरासमोर नाहीत, आलटून पालटून. परिणाम असा की पुढचं डावं चाक अधांतरी आणि मागचं उजवंही अधांतरी. लिव्हर फोर लोला (फोर-बाय-फोरचा संथ पण जास्त जोराचा टप्पा), गिअर पहिला. इंजिन घुमतंय, गाडी ढिम्म. मेव्हणा खाली उतरला, वाकून बघितलं आणि ओरडला, "अहो भावजी, दोनच फिरतायत!"

शोरूममध्ये मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, फोर लोला टाका, चारही चाकं फिरतात." साफ खोटं. बऱ्याच गाड्यांत फोर हाय (तेच, पण नेहमीच्या वेगाचं) किंवा फोर लो टाकलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात, इतकंच. एकाच अ‍ॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) मोकळाच राहतो. तो मोकळा असावाही लागतो. दीड मीटर अंतरावर चाकं असलेली गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालतं. ही तफावत डिफरन्शियल सांभाळतो. पण तो दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतो. अधांतरी चाकाला फिरायला नखभर जोर पुरतो, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नखभर मिळतो. जमिनीला टेकलेली आमची दोन चाकं म्हणून मख्ख उभी होती.

हे ज्ञान मला तिथे नव्हतं. मी आपला ॲक्सिलरेटर दाबतोय. तेवढ्यात पायाखालून कर्रर्र-कट-कट असा आवाज आला, पेडल थरथरलं. काहीतरी तुटलं म्हणून मी पाय उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा आवाज, पुन्हा उचलला. असं चार-पाच वेळा. मग काकांना फोन.

काकांबरोबर त्यांचा मुलगा आला, विशी-बाविशीचा. त्याने गाडीखाली डोकावलं आणि मला म्हणाला, "दादा, आवाज आला की पाय का उचलता? तीच तर गाडी काम करतीये." मग त्याने मला ट्रॅक्टरचे ब्रेक दाखवले. उजव्या पायाशी दोन वेगळे पेडल, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. रस्त्यावर ते खिट्टीने जोडून ठेवायचे, शेतात सोडायचे. एक चाक घसरायला लागलं की त्याचाच ब्रेक थोडा दाबायचा. घसरणाऱ्या चाकाला जोर लागायला लागतो आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. माझ्या गाडीत हेच काम ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा पंप करत होता, कर्रर्र आवाज त्याचाच. पण आधी चाक घसरायला हवं, मग ब्रेक लागतो, मग जोर पलीकडे जातो. त्याला दोन-तीन सेकंद द्यावी लागतात. मी नेमका त्याच क्षणी पाय काढत होतो.

शेजारीच त्याने डिफ्लॉकचं, म्हणजे डिफरन्शियल लॉकचं पेडल दाखवलं. टाचेने दाबलं की मागची दोन्ही चाकं एक होतात, त्या वेळी वळायचं नाही, पाय काढला की सुटतं. तेवढं एक पेडल माझ्या लाखो रुपयांच्या गाडीत नाही.

मग तो खिडकीशी उभा राहिला. "दाबा. आवाज येऊ द्या. उचलू नका, उचलू नका, उचलू नका..." गाडीने एक हिसका दिला, डावीकडे कलली आणि वर. मी आत बसून वेड्यासारखा हसत होतो. काका मात्र दोर गुंडाळत म्हणाले, "डिझेल जाळून आलो ना." २,५०० रुपये मोजले.

तेव्हा गाडी घेताना "फोर-बाय-फोर आहे का" एवढंच विचारू नका. "डिफरन्शियल लॉक आहे का, कुठल्या अ‍ॅक्सलला, खरा की ब्रेकवाला" असं विचारा. गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे खरा लॉक मिळतो, तोही हाताने लावायचा. थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. जिम्नीत ब्रेकवाली युक्ती आहे. जुन्या डस्टरच्या ऑल-व्हील मॉडेलवर 'लॉक' लिहिलेलं असायचं, पण ते पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधली जोडणी घट्ट करायचं, डाव्या-उजव्याशी त्याचा संबंध नाही. खरा लॉक असेल तर खड्ड्यात शिरण्याआधी लावा, चाक गरगरत असताना नाही. ब्रेकवालं असेल तर माझ्यासारखं घाबरू नका, पण तासभर रेटूही नका, ब्रेक तापतात. टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणा, त्याखाली मी तरी जाणार नाही. हवा भरायचा पंप सोबत हवाच.

परतताना आणखी एक माती खाल्ली. फोर हाय काढायचंच विसरलो. मुरबाडच्या पेट्रोल पंपावर वळताना स्टीअरिंग दगडासारखं, टायर चिरकतायत, गाडी उड्या मारतेय. कोरड्या रस्त्यावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालू पाहतात, मधला जोड सोडत नाही, सगळा पीळ आत साठतो. लिव्हरही निघेना. सरळ रेषेत सहा-सात फूट रिव्हर्स घेतली, मग खट् करून सुटलं. ओढून तोडू नका.

परतण्याआधीचा दुसरा दिवस शेतावरच, बरा गेला होता. भाकरी, सुकट, झोप.

सोमवारी माजिवड्याला साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. टायरवाल्याने अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि "बहुतेक बुश गेलेत" असं मिळून ४,२०० सांगितले. मी समोरच्या वॉशिंग सेंटरला गेलो, रिमच्या आतला वाळलेला चिखल धुऊन घेतला. ४०० रुपये. थरथर बंद.