कॅसेटी, सीडी आणि नावांचा घोळ : माझा अनुभव

संगीताच्या सीडीमध्ये गाण्यांची नावं बहुतेक वेळा नसतातच, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. नावं डबीतल्या कागदावर असतात. चकतीत असतो फक्त आवाज आणि कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो याची नोंद. सीडी संगणकात घातली की सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून एक क्रमांक काढतं, इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये तो शोधतं आणि तिथे जे सापडेल ते आपल्या फायलींना चिकटवतं. या याद्या जगभरातल्या हौशी लोकांनी भरलेल्या असतात. सिनेमाच्या गाण्यांना हे चालून जातं. ग्वाल्हेर घराण्याच्या शास्त्रीय गाण्याचं मात्र त्यात पार भजं होतं.

बाबा इथे ग्वाल्हेरमध्ये, लष्कर भागात राहतात. त्यांच्या कपाटात भरपूर कॅसेटी आणि सीडी आहेत. काही विकत घेतलेल्या, काही रेडिओवरून टेप केलेल्या, काही मित्रांनी करून दिलेल्या. माझा भाचा म्हणाला, "आत्या, हे सगळं ॲपवर आहे की." सगळं नाहीये. जे आहे तेही करार संपला की गायब होतं, आणि वर्गणी थांबवली की 'डाउनलोड' केलेलं गाणंसुद्धा वाजत नाही. बाबांना हवं ते हवं तेव्हा ऐकता यावं, त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये, एवढ्यासाठी मी हे सगळं संगणकावर उतरवण्याचं काम हाती घेतलं.

सीडी उतरवणं सोपं आहे. लॅपटॉपला सीडीची खाच नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. विंडोजवर 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते शंका आली तर तोच भाग पुन्हा वाचतं आणि शेवटी आपली प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघतं. फाइल फ्लॅक (FLAC) या प्रकारातच ठेवा. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. फ्लॅक त्याचा आकार साधारण निम्म्यावर आणतं आणि त्यातला एकही बिट टाकून देत नाही. एमपी३ टाकतं, अगदी सेकंदाला ३२० किलोबिटचं असलं तरी. शिवाय सीडीवर ख्यालाचे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) हे भाग बरेचदा वेगळे ट्रॅक असतात. एमपी३ मध्ये त्यांच्या मधोमध बारीकशी खाच ऐकू येऊ शकते आणि ख्यालाची लय जिथे चढायची तिथेच ठेच लागते. फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येतं, उलटं होत नाही.

इथवर सगळं सुरळीत झालं. मग फोनवर यादी उघडली.

कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक. माझ्या यादीत ते कितीतरी वेगवेगळे गायक होऊन बसले होते. कुठे 'कृष्णराव' जोडून, कुठे 'कृष्ण राव' तोडून, कुठे नुसतं 'के. एस. पंडित', कुठे मागे आडनाव असताना पुढे पुन्हा 'पं.' लावलेलं. फोनच्या लेखी प्रत्येक जण वेगळा माणूस. याच घराण्याच्या द. वि. पलुसकरांचं तेच, मालिनीबाई राजूरकरांचं तेच. मला वाटतं, नावं दुरुस्त करणाऱ्याने पहिली शपथ ही घ्यावी की उपाधी लिहायची नाही. पंडित, उस्ताद, विदुषी सगळं काढायचं. आदर ऐकण्यात असू द्या, यादीत नको. पण हे काढताना 'पंडित शोधा आणि सगळीकडून उडवा' असा सरसकट आदेश कधीही देऊ नका. ग्वाल्हेरच्या संग्रहात ते आडनाव आहे!

दुसरा वैताग रागांचा. प्रत्येक ट्रॅकचं नाव 'राग' या शब्दाने सुरू होतं, त्यामुळे अख्खा संग्रह एकाच अक्षराखाली गोळा होतो. त्यातही कुणी 'राग' लिहिलेलं, कुणी 'रागा'. भूप, भूपाली, एकाच रागाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या नाना तऱ्हा, आणि जयजयवंतीचं तर विचारूच नका. एका सीडीला तर परदेशी बँडच्या गाण्यांची नावं चिकटली, कारण दोन वेगळ्या सीडींचा क्रमांक जुळू शकतो.

आणि मुळात फाइलीची माहिती भरायचा फॉर्मच आपल्या गाण्यासाठी बनवलेला नाही. कलाकार, अल्बम, शीर्षक, प्रकार, वर्ष. त्या चौकटी आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तीन-चार मिनिटांचं गाणं होतं. राग कुठे लिहायचा? ताल कुठे? तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे कुठे? मैफल कुठली? संगीतकार या चौकटीत बंदिशीचा कर्ता लिहायचा की ती रिकामी ठेवायची? मी याची कुठे तयार रीत सापडते का हे पुष्कळ शोधलं. जो तो आपापलं लिहितो. चिडचिड झाली ती याचीच, की पिढ्यानपिढ्यांची घराणी असलेल्या गायकीला स्वतःची एक चौकट नसावी.

शेवटी बाबांना शेजारी बसवलं. एका ट्रॅकवर इंटरनेटहून आलेलं नाव होतं 'विलंबित त्रिताल'. बाबांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं चालू झाली आणि दुसऱ्या आवर्तनातच म्हणाले, "अगं, त्रिताल कसला? तिलवाडा आहे हा. ठेका ऐक." आणि स्वतः म्हणून दाखवला : धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं. मात्रा दोन्हींच्या सोळाच, म्हणून लिहिणाऱ्याने त्रिताल ठोकून दिलं असणार. पण ग्वाल्हेरच्या विलंबित ख्यालात तिलवाडा म्हणजे घरचा ताल. ते नाव पुसलं गेलं तर काय राहिलं? त्यानंतर मी इंटरनेटवरून आलेलं एकही नाव न तपासता ठेवलं नाही. सीडी घालण्याआधी नेटचा शोध बंद करून टाकायचा आणि डबीतला कागद समोर ठेवून नावं स्वतः भरायची, हे सरळ जास्त लवकर होतं.

आमची रीत आता अशी आहे. शीर्षकात राग आधी : 'यमन – विलंबित तिलवाडा'. 'राग' हा शब्द नाही. अल्बम-कलाकार या रकान्यात फक्त मुख्य गायक, एकाच लेखनात. प्रकारात ख्याल, टप्पा, तराणा, भजन, जे असेल ते. अल्बमला मूळ कॅसेटचं नाव. साथीदार आणि रेकॉर्डिंग कुठून मिळालं ते शेरा या रकान्यात. फ्लॅकमध्ये आपल्या मनाचा रकाना जोडता येतो, म्हणून 'राग' आणि 'ताल' असे वेगळेही केले. फोन ते दाखवत नाही, पण संगणकावर फूबार२००० हा प्लेअर दाखवतो आणि त्यावरून शोधही घेता येतो. हे सगळं भरायला एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर वापरलं. नाव तसं असलं तरी ते फ्लॅकवरही चालतं, आणि अख्खी कॅसेट निवडून एकदम दुरुस्त करता येते.

देवनागरी की रोमन? रकान्यांत देवनागरी, फाइलीच्या नावात रोमन. कारच्या स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसू शकतात, म्हणून कारसाठी एमपी३ ची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर रोमनमध्ये. आणि खाँ, ख़ाँ, खान यांतलं एक आजच ठरवा. इथे हिंदीच्या शेजारात राहून नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा, फार गोंधळ होतो. संगणकाला ही तीन वेगळी नावं वाटतात.

कॅसेटींबद्दल सांगायचं राहिलंच. लॅपटॉपची माइकची खाच सहसा एकाच कानाचा आवाज घेते, त्यामुळे लाइन-इन असलेला छोटा यूएसबी इंटरफेस घ्या. सुरुवात करण्याआधी कॅसेट डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कानकाडीवर पुसा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, कमी भरलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. सी-९० कॅसेटची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं, ती पूर्ण वाजवावीच लागते, त्याला जवळची वाट नाही. घाई करणाऱ्याने हे काम घेऊच नये.

साठवायला १ टेराबाइट पुष्कळ झालं. फ्लॅकमध्ये एक सीडी ढोबळमानाने ३००–४०० एमबी. पण डिस्क दोन हव्यात, आणि दुसरी दुसऱ्या घरात. आमची एक दादाकडे असते, दिवाळीत आला की ताजी करून नेतो. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी आधी उतरवा, त्या विकतच्या सीडींपेक्षा लवकर दगा देतात, आणि आमच्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. प्रती आपल्यापुरत्या ठेवा, गटागटांत वाटत बसू नका. कायद्यात खासगी वापराला जागा आहे, वाटपाला नाही.

आणि रेडिओवरून टेप केलेलं असेल तर निवेदकाचं बोलणं 'गाणं नाही' म्हणून कापू नका. गायक, राग, ताल, साथीदार, सगळं त्याच बोलण्यात असतं. आमच्या रेडिओच्या कॅसेटींचे बरेचसे रकाने मी त्यावरूनच भरले.