व्हर्च्युअल टेबलवर स्पेल कास्ट करताना: फाशांचा माझा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या टेबलखेळाची पाचवी आवृत्ती मी रोल२० आणि फाउंड्री या दोन्ही व्हर्च्युअल टेबलांवर (ऑनलाइन खेळायच्या प्रणालींवर) चालवतो. स्पेलचे, म्हणजे मंत्राचे, बटण दाबण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: फासा कोण टाकणार? कास्टर (मंत्र टाकणारा) की लक्ष्य? निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

फायर बोल्टसारख्या स्पेलमध्ये फासा कास्टर टाकतो. डी२० (वीस बाजूंचा फासा) अधिक प्रोफिशियन्सी (पातळीनुसारचा बोनस) अधिक स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर (मंत्रक्षमतेचा बोनस), आणि ही बेरीज लक्ष्याच्या आर्मर क्लासइतकी (बचावाच्या आकड्याइतकी) किंवा जास्त आली की मार बसतो. फायरबॉलमध्ये कास्टर हिटसाठी काहीच टाकत नाही. त्याचा डीसी, म्हणजे लक्ष्यांनी गाठायचा आकडा, ठरलेला असतो: ८ अधिक तेच दोन आकडे. डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फासा) लक्ष्ये टाकतात. मॅजिक मिसाइलला हिट रोलही नाही आणि सेव्हही नाही. तीन डार्ट, प्रत्येकी १डी४ (चार बाजूंचा एक फासा) अधिक १. या तिन्हींसाठी एकच मॅक्रो (फासे टाकणारी तयार आज्ञा) वापरायच्या फंदात पडू नये. प्रत्येक प्रकाराचा वेगळा ठेवावा.

फायरबॉलचा क्रम मी असा ठेवतो. आधी स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकी संधी) वजा, मग २० फूट त्रिज्येचा टेम्प्लेट (नकाशावर आखलेले क्षेत्र), मग त्यात कोण आले ते सगळ्यांनी पाहून मान्य करणे, मग सेव्ह, शेवटी डॅमेज. टेम्प्लेटआधी सेव्ह मागितले की ‘मी तर बाहेर होतो’ हा वाद हमखास. डॅमेजचे ८डी६ एकदाच टाकायचे आणि तोच आकडा सगळ्यांना लावायचा. मॅक्रो दर लक्ष्यामागे नवीन फासे टाकत असेल तर तो चुकीचा लिहिला आहे. २९ आले तर सेव्ह जमलेल्याला अर्धे, म्हणजे १४, कारण अपूर्णांक नेहमी खाली. त्याला आगीचा रेझिस्टन्सही (डॅमेज निम्मे करणारा गुण) असेल तर त्या १४ चे ७. रेझिस्टन्स सगळ्यात शेवटी लावायचा.

वरच्या पातळीच्या स्लॉटसाठी रोल२० मध्ये प्रश्न विचारणारा मॅक्रो फार कामाचा. फायरबॉलमध्ये फाशांची संख्या म्हणजे ५ अधिक स्लॉटची पातळी. पाचव्या स्लॉटला १०डी६. एकाच मॅक्रोत तोच प्रश्न त्याच नावाने दोनदा लिहिला तरी खेळाडूला एकदाच विचारला जातो, म्हणून नाव अक्षरशः तेच ठेवावे. फाउंड्रीत कास्ट करतानाच्या खिडकीत पातळी निवडता येते. तिथे स्लॉट खर्च करण्याची खूण निघाली असेल तर स्लॉट न खर्चताच स्पेल पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, तेव्हा तिथे एक नजर टाकावीच.

स्कॉर्चिंग रेच्या तीन किरणांचे तीन वेगळे हल्ले आणि तीन वेगळे २डी६. एकत्र ६डी६ टाकणे सोयीचे वाटते, पण एक किरण चुकला की हिशेब विस्कटतो. क्रिटिकलला (हल्ल्याच्या डी२० वर २० आले की) फासे दुप्पट होतात, मॉडिफायर नाही. पाचव्या पातळीच्या पात्राचा फायर बोल्ट २डी१०, क्रिटिकलवर ४डी१०. एकूण बेरजेला दोनने गुणणारा मॅक्रो दिसला तर लगेच दुरुस्त करावा. सेव्हच्या स्पेलला क्रिटिकल नसतेच.

ब्लेस या स्पेलचा १डी४ हल्ल्यांना आणि सेव्हला मिळतो, डीसीला नाही. रोलच्या खिडकीतल्या जादा बोनसच्या रकान्यात तो दर वेळी टाइप करावा लागला की कुणीतरी विसरतेच, म्हणून ब्लेस इफेक्ट म्हणून टोकनवर (नकाशावरच्या सोंगटीवर) लावलेला बरा.

आणि कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेल टिकवून धरणे. डॅमेज बसले की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजचा अर्धा, जो मोठा असेल तो. म्हणजे २१ पर्यंत डीसी १० च, २२ ला ११. एका फेरीत तीन घाव बसले तर तीन वेगळे सेव्ह, एकत्रित बेरजेवर एक नव्हे. मी कॉन्सन्ट्रेशनची खूण टोकनवर लावायला लावतो, कारण मार खाल्लेल्या कास्टरला सेव्ह मागायचे कुणाला तरी आठवले पाहिजे आणि ती आठवण जीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) डोक्यात राहण्यापेक्षा नकाशावर दिसलेली बरी.