पहिल्या दिवसाचं रक्त

आमचा गाळा रबाळे एमआयडीसीत. सुरुवातीला एक टेम्पो, चार थर्मोकोलच्या पेट्या आणि कल्याण-डोंबिवलीतून रक्ताचे नमुने गोळा करून लॅबला पोचवायचं काम, एवढाच पसारा होता. पुढे डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या लशींच्या चाचण्यांचे नमुने मिळू लागले, तेव्हा कर्ज काढून उणे ८० अंशांचा फ्रीझर घेतला.

दुसऱ्याच पावसाळ्यात गाडी दिघ्याजवळ पाण्यात अडकली. पेटीत ड्राय आइस होता. उणे ७८ अंशांचा हा बर्फ वितळत नाही, हवेत उडून जातो. मी तो बेताचाच भरला होता. लॅबला पोचेपर्यंत तापमान शून्याच्या वर गेलं होतं. २२ नळ्या बाद झाल्या.

मी म्हटलं, पुन्हा रक्त घेऊ, खर्च माझा. चाचणीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अहो, त्यांना डोस देऊन झालाय. टोचण्याआधीचं रक्त आता कुठून आणणार?"

त्या रक्ताचं मोल मला पुढे नीट कळलं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दुसऱ्याला पुरती अडवत नाहीत, उलट कधी कधी त्याला पेशीत शिरायला मदत करतात. डेंगव्हॅक्सिया ही परवाना मिळालेली पहिली डेंग्यू लस. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ती ८ लाखांहून जास्त मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं, की आधी डेंग्यू न झालेल्यांना लशीनंतर लागण झाली तर आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो. हे आधी का नाही कळलं? कुणाला आधी डेंग्यू होऊन गेलाय ते टोचण्याआधीच्या रक्तावरून कळतं, आणि मोठ्या चाचण्यांत ते थोड्याच मुलांचं घेतलं होतं. शेवटी पहिल्या डोसनंतर तेराव्या महिन्यात घेऊन गोठवून ठेवलेले नमुने कामी आले. लशीचा सांगाडा यलो फीव्हरच्या लशीचा, त्यात डेंग्यूचं एनएस१ प्रथिन नाही. त्यामुळे ज्याच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं, त्याला खरा डेंग्यू होऊन गेलेला, असा माग काढता आला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या २२ नळ्यांतही अशीच माहिती होती.

तेव्हापासून दुप्पट ड्राय आइस, प्रत्येक पेटीत तापमान नोंदवणारे दोन डेटा लॉगर, आणि जून ते सप्टेंबर ऐरोलीला एक रिकामी गाडी उभी. दर वाढवावे लागले, दोन जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली. बायको म्हणाली, गाडी विकू नकोस. नाही विकली.

ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांनी भारतात बनलेल्या, चारही प्रकारांवरच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू केली. एकच डोस, १० हजारांहून जास्त स्वयंसेवक. तिच्या निकालाची मी मनापासून वाट पाहतोय. आमच्या कामाची अडचण मात्र जुनीच आहे. डेंग्यू वाढतो तो पावसात, नमुने वाढतात तेही पावसात, आणि रस्त्यावर पाणी भरतं तेही तेव्हाच. मे संपत आला की मी स्वतः ऐरोलीच्या गाडीची बॅटरी तपासून येतो.