रिआल्पची वाफेची गाडी आणि दरवर्षी घडी होणारा पूल

स्वित्झर्लंडला जाऊन आले. इंटरलाकेन, लुझर्न सगळं झालं, छान झालं, फोटो टाकलेत. मला लिहायचंय रिआल्पबद्दल.

आंडरमॅटच्या पुढचं एवढंसं गाव. मेन लाईनच्या स्टेशनपासून थोडं चाललं की फुर्का घाटातून जाणाऱ्या वाफेच्या गाडीचं वेगळं स्टेशन, कोळशाचा वास लांबूनच येतो. तिकीट महागच आहे पण मला अजिबात टोचलं नाही, कारण ड्रायव्हरपासून तिकीट तपासणाऱ्या काकांपर्यंत बहुतेक सगळे बिनपगारी. 1982 मध्ये डोंगराखालून 15 किलोमीटरचा बोगदा झाला आणि वरची घाटातली लाईन सोडून दिली, तर हौशी लोकांनी ती 1992 पासून तुकड्या-तुकड्याने चालू करत 2010 मध्ये घाटापलीकडच्या ओबरवाल्डपर्यंत नेली. इंजिनंसुद्धा कुठून, तर 1947 मध्ये व्हिएतनामला विकलेली, ती 1990 मध्ये परत आणली! (ही इंजिनं आणि आपल्या उटीच्या गाडीची जुनी इंजिनं, दोन्ही विंटरथूर या स्विस शहरातल्या एकाच कारखान्यातली, चढासाठी मधे बसवलेला दातेरी रूळही तसाच.)

पण मी खरी हलले ती श्टेफेनबाखच्या पुलावर. घळीवरचा लोखंडी पूल, वाटतो साधाच. डब्यातल्या काकांनी सांगितलं की आधीचा पूल हिमस्खलनात गेला, म्हणून 1925 मध्ये हा तीन तुकड्यांचा बांधला, सीझन संपला की माणसं येऊन त्याची घडी घालतात, म्हणजे कोसळणारा बर्फ घळीतून मोकळा निघून जातो, आणि उन्हाळ्याआधी परत उलगडतात. दरवर्षी! मी विचारलं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, त्या कामाला यायला लोक सुट्टी राखून ठेवतात. जर्मनी, नेदरलँड्समधूनही येतात म्हणे. आपल्याकडे कितीतरी जुन्या लाईनी गेल्या, रूळ भंगारात गेले, ते आठवून फार वाईट वाटलं.

वरचा बोगदा 2160 मीटरवर, तिथे खिडक्या लावून घेतल्या तरी धूर आत येतोच, लाकडी बाकांवर पाठ अवघडते, आणि तरीही उठावंसं वाटत नव्हतं. वाटेतल्या ग्लेच्चला हिमनदी बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेलं जुनं मोठं हॉटेल आहे, तेव्हा बर्फ पार खाली खोऱ्यात उतरायचा, आता नुसता उघडा खडक. बघवत नाही.

ग्लेशियर एक्स्प्रेस या टुरिस्ट गाडीने जाणारे खालच्या बोगद्यातून पलीकडे निघतात, यातलं काहीच दिसत नाही त्यांना. तुम्ही जात असाल तर रिआल्पला उतराच, फक्त गाडी उन्हाळ्यातच आणि तीही रोज नसते, तारखा बघून मग बाकीचा प्लॅन करा.