एका अक्षरापायी अकरा आठवडे

विमान घेऊन आता वर्ष होत आलं. जमेल तसं आठवड्यातून एकदा-दोनदा उडतो, सगळं सुरळीत चाललंय. तरी नोंदणीच्या कागदांची ती फाइल कपाटात दिसली की माझं डोकं अजून तापतं. जुनं छोटं विमान विकत घेऊन त्याचा नोंदणी क्रमांक बदलून घेणार असाल, तर हे आधी वाचा. माझे अकरा आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत.

विमान सेसना १७२ एम, १९७४ सालचं. चार आसनं, दीडशे अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. शोधाशोध, सौदा, पैसे हे सगळं महिन्याभरात उरकलं. खरेदीआधीची तपासणी मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेतली आणि ते अगदी योग्य झालं. त्याने सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचून काढली आणि खुर्च्यांखालच्या रुळांपाशी टॉर्च घेऊन बराच वेळ बसला. या विमानात रुळांची भोकं झिजून लांबट झाली की खुर्चीची खीळ नीट बसत नाही. ऐन टेकऑफला खुर्ची मागे घसरते, हातातलं योक (विमानाचं स्टिअरिंग) तिच्याबरोबर ओढलं जातं आणि नाक वर उचललं जातं. यात माणसं गेली आहेत. तेव्हा रंग-पॉलिश नंतर बघा, आधी रूळ बघा.

मग उपकरणं. जुना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र, काढून नवा मोड-एस बसवला, जो विमानाची जागाही स्वतःहून कळवतो (एडीएस-बी). अपघात झाला तर आपोआप संदेश पाठवणारा बीकन, म्हणजे ईएलटी, तोही बदलला. जुना १२१.५ मेगाहर्ट्‌झचा होता. ती फ्रिक्वेन्सी उपग्रहांनी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झालंय. आता ते फक्त ४०६ मेगाहर्ट्‌झ ऐकतात. वायरिंग, अँटेना, पिटो-स्टॅटिकची (वेग-उंची मोजणाऱ्या नळ्यांची) चाचणी सगळं आठवड्यात झालं. उपकरणं बसवणारा कारागीर हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

घोळ पुढे झाला. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या २४ खुणांचा, एक पत्ता मिळतो आणि तो नोंदणीला बांधलेला असतो. नोंदणी बदलली की पत्ताही बदलतो. ट्रान्सपॉन्डर दर वेळी हाच पत्ता सांगतो आणि माझ्या बीकनमध्येही तोच भरायचा होता. हा पत्ता दोन तऱ्हांनी लिहितात: सहा चिन्हांत, शून्य ते नऊ आणि ए ते एफ; किंवा आठ अंकांत, ज्यात फक्त शून्य ते सात येतात. माझ्या नव्या नोंदणी प्रमाणपत्रावर आठ अंकी होता. सोबतच्या पत्रात सहा चिन्हांचा. उपकरणांना सहा चिन्हांचाच लागतो, म्हणून कारागिराने पत्रावरून भरला. चाचणीयंत्र लावलं, पत्रातलाच पत्ता बाहेर पडत होता. आम्ही दोघेही निश्चिंत.

बीकनच्या नोंदणीचा अर्ज केला. बारा दिवसांनी परत आला. शेरा एका ओळीचा: माहिती जुळत नाही. कोणती माहिती, कशाशी जुळत नाही, काही नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, "उपकरण बसवणाऱ्याला विचारा." त्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, मी पत्राप्रमाणे भरलंय, पत्र ज्यांनी दिलं त्यांना विचारा." पत्र देणारं टेबल वेगळं, बीकनचं टेबल वेगळं. पहिल्या टेबलाने सांगितलं, आमच्याकडे सगळं बरोबर आहे. दुसरा अर्ज केला, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्याला तर सतरा दिवस लागले, कारण परत आलेला अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. बीकनची नोंद नाही म्हणून तपासणीचा अहवाल पूर्ण होईना आणि अहवाल नाही म्हणून उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळेना.

एवढा वेळ विमान हँगरमध्ये उभं. मला याचाच राग जास्त येत होता. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. इंजिन उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं आणि ओलाव्याने गंज धरायला लागतो. दर आठवड्याला पाच मिनिटं जमिनीवरच इंजिन चालवलं की झालं, असं काही जण सांगतात. तसं करू नका. तेल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही आणि ओलावा उलट वाढतो. उडवता येत नसेल तर साठवणीचं तेल घालून, ओलावा शोषणारे प्लग लावून, रीतसर बंद करून ठेवा. मी हे पाचव्या आठवड्यात केलं, पहिल्यातच करायला हवं होतं.

आठव्या आठवड्यात एका रात्री प्रमाणपत्र आणि पत्र शेजारी शेजारी ठेवून बसलो. म्हटलं, आकडेमोड स्वतः करून बघू. शेवटची तीन चिन्हं पत्रात होती ५, ८, २. प्रत्येकाचे चार-चार बिट मांडले: ०१०१ १००० ००१०. तेच तीन-तीनच्या गटांत तोडले: ०१० ११० ००० ०१०. म्हणजे २६०२. प्रमाणपत्रावर होतं २६६२. एक अंक वेगळा! मग उलटं केलं. २६६२ पासून मागे आलो, तर मधलं चिन्ह १०११ निघालं. म्हणजे आठ नव्हे, बी. कुणीतरी हाताने लिहिलेला रोमन बी टाइप करताना आठ म्हणून वाचला होता. मी उठून उभा राहिलो. तीनदा पुन्हा तपासलं.

ही नुसती कागदावरची चूक नव्हती, म्हणून मी इतकं तळमळून लिहितोय. विमान कुठे पडलं आणि बीकन बोलू लागला, तर शोधपथक त्या कोडवरून मालकाचा फोन नंबर काढतं आणि घरी विचारतं, विमान खरंच बाहेर आहे का, किती माणसं आहेत. चुकीचा कोड म्हणजे तो फोन माझ्या घरी वाजणारच नव्हता. आणि तो आठवाला पत्ता दुसऱ्या कुणाचा असला, तर एकाच पत्त्याची दोन विमानं आकाशात, रडारला कोण कुठे ते नीट कळत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन पत्राच्या टेबलावर गेलो. तिथल्या गृहस्थांनी दोन्ही कागद पाहिले, कॅल्क्युलेटरवर बटणं दाबली आणि शांतपणे म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज करा." त्यालाही अडीच आठवडे. सुधारित पत्र आल्यावर ट्रान्सपॉन्डरचा पत्ता दहा मिनिटांत बदलला, बीकन मात्र काढून पुन्हा कोडिंगला पाठवावा लागला. चौथा अर्ज तीन दिवसांत मंजूर.

तेव्हा पत्र हातात पडलं की कारागिराकडे जाण्याआधी आठ अंकी आणि सहा चिन्हांचा पत्ता ताडून बघा. साध्या कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये हे मिनिटभरात होतं. अर्ज परत आला तर तोच पुन्हा पाठवू नका, नेमकं काय जुळत नाही ते लेखी विचारा. मी तिसऱ्यांदाही तोच अर्ज पाठवला, तिथेच सतरा दिवस गेले.

आणि हो, उपकरणं बदलली की रिकाम्या विमानाचं वजन आणि गुरुत्वमध्य बदलतो. नवा तक्ता करून घ्या आणि जुन्यावर काट मारा. या विमानाचं कमाल वजन २३०० पौंड, चार माणसं आणि भरलेल्या टाक्या एकत्र बसत नाहीत.

प्रमाणपत्र मिळालं त्या सकाळी टाक्यांतून इंधन काढून पाहिलं, निळं, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. धावपट्टी सोडून वर आल्यावर कंट्रोलरला विचारलं, माझा पत्ता आणि नोंदणी क्रमांक जुळतोय का. क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, "जुळतोय." मी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं.