दात पडला, आधी दूध आणा!

रविवारी सोसायटीत क्रिकेट चाललं होतं. चेंडू उसळला आणि भाच्याचा पुढचा दात मुळासकट बाहेर! पोरगं सहावीतलं, म्हणजे दात कायमचा. ताई घाबरली, शेजारचे काका हळद घेऊन धावले. (आपल्याकडे हळद कशावर चालत नाही?)

मी दात पांढऱ्या बाजूने उचलला. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो घासला गेला किंवा सुकला की दात परत धरत नाही. म्हणून चोळून धुवायचा नाही, रुमालात तर मुळीच गुंडाळायचा नाही. वाटीभर गार दुधात टाकला आणि स्कूटर काढली. अर्ध्या तासात बसवला तर उत्तम, तासाभरानंतर आशा कमी होत जाते.

पहिल्या दवाखान्याला कुलूप. दुसरीकडच्या डॉक्टरीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात, त्या जेवण सोडून खाली आल्या. दात खोबणीत बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारलं. तार साधारण दोन आठवडे ठेवतात, पुढे बहुतेक रूट कॅनाल. दुधाचा दात असता तर परत बसवतच नाहीत.

भाच्याची तक्रार वेगळीच: चेंडू लागला तेव्हा तो नॉटआउट होता, पण बॅटिंग गेली.